पुरुषांनो, रोज तोंड कशाने धुता? (फेसवॉश निवडायला मदत हवी)

अर्धीदाढी – सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३१. आजवर अंगाला जो साबण तोच तोंडाला, साधा हिशोब, आणि कधी काही बिघडलं नव्हतं. गेले चार-पाच महिने मात्र चेहऱ्याने संप पुकारलाय. दुपार व्हायच्या आत कपाळ आणि नाक तेलाने चमकतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांत पांढुरका भुसा निघतो, आणि जबड्याच्या खाली मानेवर जिथे दाढी संपते तिथे बारीक लालसर पुळ्या. म्हणून साबण सोडला आणि "फॉर मेन" लिहिलेला काळाकुट्ट कोळशाचा फेसवॉश आणला. पहिल्याच दिवशी इतकं गार आणि करकरीत वाटलं की मी दिवसातून चार-चार वेळा धुवायला लागलो, उठल्यावर, घरी आल्यावर, व्यायाम झाल्यावर, झोपताना. तीन आठवड्यांत चेहरा ढोलकीच्या कातड्यासारखा ताणलाय, हसलं तरी गाल ओढतात. तेल तसंच, पुळ्या तशाच.

आता दुसरा घ्यायला गेलो तर समोर पंचवीस ट्यूबा. ऑइल कंट्रोल, डीप क्लीन, आइस, चारकोल, एनर्जी (तोंडाला एनर्जी कशाला?). नक्की बघायचं काय? आणि पुरुषांचा फेसवॉश खरंच वेगळा असतो का?

टॉवेलचोर – सोमवार, रात्री ११:४४

असतो ना. ट्यूब काळी असते.

एकवस्तरा – मंगळवार, सकाळी ६:१०

वय ६३. चाळीस वर्षं एक साबण, एक वस्तरा, गार पाणी. चेहरा जागेवर आहे. तुम्हा पोरांना नसती थेरं हवीत.

(हलके घ्या.)

फेसाळ – मंगळवार, सकाळी ९:३०

मी नऊ वर्षं साबण-शाम्पू बनवणाऱ्यांकडे प्रयोगशाळेत काढलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी "फॉर मेन"चं. पुरुषांच्या त्वचेत फरक असतो हे खोटं नाही. अँड्रोजन हॉर्मोनमुळे तेलग्रंथी जास्त काम करतात, कातडी सरासरीने थोडी जाड असते, आणि वर दाढी. पण ही सगळी सरासरीची भाषा झाली. एका तेलकट बाईची त्वचा आणि एका कोरड्या पुरुषाची त्वचा शेजारी ठेवली तर ट्यूबवरचं "मेन" काय कामाचं? आत बहुतेक वेळा बदललेलं असतं ते वास, रंग, आणि मेन्थॉल. तो गारवा म्हणजे स्वच्छता नव्हे. मेन्थॉल त्वचेचं तापमान कमी करत नाही, थंडी ओळखणारं टीआरपीएम८ नावाचं एक दार मज्जातंतूंवर असतं ते उघडतं आणि मेंदूला वाटतं गार पडलं. (जाता जाता, हे दार शोधायला मेन्थॉलच वापरलं होतं आणि ज्या दोघांनी ते काम केलं त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात फेसवॉशसाठी नाही, स्पर्श आणि तापमान कसं कळतं यासाठी.) चोळलेल्या, सोललेल्या कातडीवर हाच गारवा जळजळ होतो.

कोळसा: विषबाधेत पोटात देतात तो सक्रिय कोळसा खरा, तिथे तो खरंच विष धरून ठेवतो. पण तिथे मात्रा मोठी असते आणि वेळ भरपूर. इथे चिमूटभर कोळसा आधीच फेसाच्या रसायनात बुडालेला, चेहऱ्यावर अर्धा मिनिट, मग बेसिनमध्ये. काळा रंग मात्र झकास येतो.

आता साबण. तेल किंवा चरबी अधिक कॉस्टिक सोडा म्हणजे साबण, आणि खरा साबण म्हटला की त्याचा पीएच (आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली आंबट) ९ ते १० च्या घरात असणारच. त्वचेचा पृष्ठभाग आंबट असतो, साधारण ५ च्या आसपास. धुतल्यावर त्वचा स्वतःला पूर्वपदावर आणते पण त्याला काही तास लागतात, आणि तुम्ही दर चार तासांनी पुन्हा धुताय. त्यात पाणी क्षाराचं असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडून चिकट राप तयार होतो, बादलीला बसतो तो, तो चेहऱ्यावरही बसतो. फेसवॉशमध्ये साबणाऐवजी कृत्रिम क्षालक (मळ काढणारी रसायनं) असतात त्यामुळे पीएच हवा तसा ठेवता येतो, हाच त्याचा मोठा फायदा. बाकी सगळं सजावट.

फेसवॉशचा मागचा मजकूर वाचायला शिका. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात (१ टक्क्याच्या खालचे कसेही लिहिले तरी चालतात, म्हणून ते शेवटी येणारे दहा वनस्पतींचे अर्क बघून भाळू नका). पहिलं पाणी. त्यानंतरची दोन-तीन नावं म्हणजे फेसवॉशचा खरा स्वभाव. सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर तुमच्या सध्याच्या चेहऱ्याला नको, हा पदार्थ त्वचेच्या प्रयोगांमध्ये मुद्दाम खाज-लाली आणायला वापरतात यावरून समजा. लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य. कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लुकोसाइडने संपणारी नावं, कोकॉइल आयसेथिओनेट, कोकॉइल ग्लायसिनेट, ही सौम्य मंडळी. ग्लिसरीन वरच्या चार-पाचात असेल तर उत्तम. आणि फेस कमी झाला म्हणून घाबरू नका, फेस हा ग्राहकाला खूश करायला असतो, मळ काढायला नाही. माझी अर्धी नोकरी फेस वाढवण्यात गेलीय, म्हणून सांगतो.

टॉवेलचोर – मंगळवार, सकाळी ९:५२

आयडीचं रहस्य उलगडलं.

एकवस्तरा – मंगळवार, सकाळी १०:१५

मग माझं चाळीस वर्षं कसं चाललं?

फेसाळ – मंगळवार, सकाळी १०:४०

काका, तुमची त्वचा दणकट आहे, त्यात साबणाचं श्रेय नाही. काही लोकांना साबण अजिबात बाधत नाही, आणि ज्याला बाधत नाही त्याने बदलायची काही गरज नाही. धागाकर्त्याला बाधलाय.

रात्रपाळी – मंगळवार, दुपारी १:०५

सकाळी मी नुसतं पाणी मारतो, फेसवॉश फक्त कामावरून आल्यावर. माझी कोरडी त्वचा आहे, मला पुरतं. तेलकटवाल्यांना सकाळीही लागत असेल. पण चार वेळा?? भाऊ, भांडी पण दोनदा घासतात.

औषधवाली – मंगळवार, दुपारी २:२०

फार्मसीत बसते, रोज दोन-तीन अर्धीदाढी येतात.

किती वेळा धुवायचं यावर २००६ मध्ये एक छोटासाच पण नीट केलेला प्रयोग झाला होता, पिंपल्स असलेल्या पुरुषांवरच. सौम्य क्लीन्झर देऊन कुणाला दिवसातून एकदा, कुणाला दोनदा, कुणाला चारदा धुवायला सांगितलं, सहा आठवडे. गटागटांत फार मोठा फरक पडला नाही, पण दोनदा धुणाऱ्यांची ब्लॅकहेड्स कमी झाली आणि एकदाच धुणाऱ्यांची लाली आणि पुळ्या वाढल्या. चारदा धुणाऱ्यांना जास्तीचं काही मिळालं नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते, दोनदा आणि खूप घाम आला तर त्यानंतर. म्हणजे व्यायाम संध्याकाळी असेल तर घरी आल्यावरचं आणि व्यायामानंतरचं एकच करा ना.

तेलाबद्दल: ग्रंथी किती तेल काढणार हे मुख्यतः हॉर्मोन ठरवतात. धुऊन फक्त वर आलेलं जातं, कारखाना बंद होत नाही. दुपारी नाक चमकलं तर टिश्यूने टिपा, पुन्हा बेसिनकडे पळू नका.

आणि एक विचारते अर्धीदाढी, राग मानू नका. १) दाढी कशी करता? २) भुवयांतला भुसा खाजतो का, आणि डोक्यात कोंडा आहे का?

अर्धीदाढी – मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं.

औषधवाली, राग कसला. १) एक दिवसाआड, पाच पात्यांचा रेझर, मानेवर उलट्या दिशेने दोनदा फिरवतो कारण केस तिथे वळणदार आहेत आणि नाहीतर खुंट राहतात. एका हाताने कातडी ताणून. २) खाजतो. कोंडा आहे, लहानपणापासून येऊन जाऊन. त्याचा इथे काय संबंध?

औषधवाली – मंगळवार, रात्री ९:४०

संबंधच संबंध. तुमच्या तीन तक्रारींतल्या दोन फेसवॉशच्या नाहीतच.

मानेवरच्या पुळ्या: पाच पाती म्हणजे पहिलं पातं केस ओढून वर आणतं, पुढची कापतात, आणि तो कापलेला तीक्ष्ण केस कातडीच्या खाली जाऊन बसतो. वळणदार केस असले की वाढताना तो बाहेर न येता आतच वळतो किंवा बाहेर येऊन पुन्हा आत घुसतो. शरीराला वाटतं काटा घुसलाय, मग सूज. पिंपल्ससारखंच दिसतं, पण मुळाशी रुतलेला केस. याला जगातला कुठलाच फेसवॉश पुरा पडणार नाही. तीन-चार आठवडे रेझर बंद, ट्रिमरने एखादा मिलिमीटर खुंट ठेवा. नंतर करायचीच असेल तर एका पात्याने, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता, आणि आंघोळीनंतर, केस पाणी पिऊन मऊ झालेले असताना.

भुसा: नाकाच्या कडा, भुवया, डोकं, काहींना दाढीच्या आतसुद्धा, खाज आणि तेलकट खपल्या, हे सेबोरिक डर्मटायटिससारखं वाटतंय. म्हणजे कोंड्याचाच चेहऱ्यावरचा भाऊ. मॅलेसेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, तेलावर जगतं, काहींच्या त्वचेला ते मानवत नाही. संसर्गजन्य नाही, घाणेरडेपणाही नाही. तुम्ही त्याला कोरडेपणा समजून बसलात. केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू यावर चालतो, आठवड्यातून दोनदा डोक्याला लावताना त्याचाच फेस भुवया-नाकालाही, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा, डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. पण मी समोर बघितलेलं नाही, तेव्हा एकदा त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, आधी दाखवा आणि मग सुरू करा.

आणि कुणीही, मी पुन्हा सांगते कुणीही, "माझ्या भावाला फरक पडला" म्हणून क्रीम दिली तर तोंडाला लावू नका.

गप्पगुमान – मंगळवार, रात्री ११:०२

या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. मित्राने दिलेली क्रीम मी पाच महिने लावली. पहिल्या आठवड्यात चेहरा असा उजळला की ऑफिसात लोक विचारायला लागले. आत स्टेरॉइड होतं. सोडली की दोन दिवसांत चेहरा लाल, आग, पुळ्या, म्हणून पुन्हा लावायची, पुन्हा बरं वाटायचं. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या तेव्हा डॉक्टरकडे गेलो. सोडवायला सहा महिने गेले. त्या काळात नुसता सौम्य क्लीन्झर आणि मॉइश्चरायझर, बाकी काही नाही, आरशात बघायचंही नाही.

रात्रपाळी – बुधवार, पहाटे ४:३०

बापरे. आता बरं आहे ना?

गप्पगुमान – बुधवार, सकाळी ८:००

हो. ऊन मात्र अजून सोसत नाही.

नवखा_२२ – बुधवार, सकाळी ११:२०

मला खरोखरचे पिंपल्स आहेत, कपाळ आणि गालांवर, दाढी अजून नीट आलेलीच नाही त्यामुळे रेझरचा दोष नाही. सॅलिसिलिक ॲसिडवाला घेऊ की बेंझॉइल पेरॉक्साइड? दोन्ही आणलेत. आणि एक स्क्रब.

औषधवाली – बुधवार, दुपारी १:३०

स्क्रब परत ठेवा. सुजलेल्या पुळीवर दाणे घासून ती फुटते, डाग राहतो.

सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात शिरतं, ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स जास्त असतील तर ते, ०.५ ते २ टक्के. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं, लाल सुजलेल्या पुळ्यांना ते, आणि जिवाणूंना त्याची सवय लागत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. सुरुवात २.५ टक्क्याने. लावून लगेच धुऊ नका, एक-दोन मिनिटं राहू द्या. एकदम दोन्ही सुरू करू नका, एकच घ्या, आधी एक दिवसाआड, आणि किमान सहा ते आठ आठवडे थांबा. तरुण लोक चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून येतात. गाठी असतील, दुखत असतील, खड्डे पडत असतील तर फेसवॉशवर वेळ घालवू नका, सरळ डॉक्टर.

टॉवेलचोर – बुधवार, दुपारी १:४१

बेंझॉइलवाल्याने पांढरा टॉवेल वापरावा. माझ्या निळ्या टॉवेलवर नारिंगी नकाशा उमटलाय, उशीच्या अभ्र्यावर दुसरा. घरच्यांना वाटलं ब्लीच सांडलं. तसं ते ब्लीचच म्हणा.

औषधवाली – बुधवार, दुपारी २:००

खरंय. दाढीचे केसही फिकट होऊ शकतात.

फेसाळ – बुधवार, रात्री ८:४५

निवडीवर इतकं बोललो, वापरावर कुणीच नाही, आणि लोक चुकतात ते तिथे.

हात आधी धुवा. कोमट पाणी, वाफाळतं नको. मोठ्या वाटाण्याएवढं बास, ओल्या हातावर फेस करून मग चेहऱ्यावर, थेट ट्यूबमधून गालावर नाही. बोटांच्या पोटाने अर्धा मिनिट. दाढी असेल तर बोटं केसांच्या मुळापर्यंत न्या, नुसती दाढी धुऊन कातडी तशीच राहते. मग धुवायचं मात्र खूप, जेवढा वेळ लावलं त्याच्या दुप्पट, केसांची कड, कानापुढे, जबड्याखाली. तिथे फेस राहून गेल्याने होणारी खाज मी फार जणांत बघितलीय, लोक बिचारे फेसवॉश बदलत बसतात. टॉवेलने टिपा, पुसू नका. आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, तेलकट असलात तरी, हलकं जेलसारखं घ्या हवं तर.

अजून एक. आंघोळीत तोंड सगळ्यात शेवटी धुवा. आधी तोंड आणि मग डोकं असं केलं की कंडिशनर, हेअर वॅक्स सगळं ओघळून कपाळावर आणि मानेवर. कपाळाच्या वरच्या कडेलाच पुळ्या असतील तर आधी वॅक्स बंद करून बघा.

सनस्क्रीन लावत असाल, विशेषतः पाण्याने न निघणारं, तर रात्रीचं धुणं चुकवू नका. सकाळचं एखादवेळी पाण्यावर भागेल.

एकवस्तरा – बुधवार, रात्री ९:३०

मॉइश्चरायझर लावायला लावलं नातीने काल. बरं वाटतंय. कुणाला सांगू नका.

टॉवेलचोर – बुधवार, रात्री ९:३३

काका, जाहीर धाग्यावर लिहिलंय तुम्ही.

रात्रपाळी – बुधवार, रात्री १०:५०

"नॉन-कॉमेडोजेनिक", "डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड", "नॅचरल" यांचं काय? हे बघून घेतो मी.

फेसाळ – बुधवार, रात्री ११:१०

टेस्टेड म्हणजे कुणीतरी बघितलं एवढंच, काय बघितलं ते लिहीत नाहीत. नॉन-कॉमेडोजेनिक (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) ठरवायची सगळ्यांना बांधील अशी एकच कसोटी नाही, असलं तर बरं, नसलं तर बाद नको. नॅचरलवाल्यात सुगंधी तेलं भरपूर असतात आणि ॲलर्जीच्या बाबतीत ती मागे नाहीत. संवेदनशील त्वचा असेल तर बिनवासाचा शोधा, आणि परफ्यूम लिहिलेलं नसलं म्हणजे वास नाही असंही नाही, तेलांची नावं वाचा. मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं, माल खराब होऊ नये म्हणून घालतात असं एक रसायन आहे, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी त्याला "वर्षातला ॲलर्जन" म्हणून निवडलं होतं. ज्यांना धुतल्यावर पुरळ उठतं त्यांनी ते नाव लक्षात ठेवावं, लक्षात राहत नसेल तर फोटो काढून ठेवावा, मीही तसंच करायचो.

अर्धीदाढी – सात आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचाय.

डॉक्टरकडे गेलो. औषधवालींचं दोन्ही बरोबर निघालं, शाम्पूही तोच दिला, सोबत एक क्रीम थोड्या दिवसांसाठी. भुवया तीन आठवड्यांत साफ, मध्ये एकदा विसरलो तर परत भुसा आला, म्हणजे हे असंच सांभाळत राहावं लागणार असं डॉक्टर म्हणाले. ट्रिमरवर आलोय, मान जवळजवळ शांत, दोन-तीन जुने काळे डाग आहेत ते हळूहळू जातील म्हणे. फेसवॉश? बिनवासाचा, पांढरट, फेस न होणारा, ट्यूबवर कुठेही पुरुष, बर्फ, कोळसा, वीज यातलं काही नाही. दिवसातून दोनदा. पहिले चार दिवस वाटायचं तोंड धुतलंच नाही, आता तो करकरीतपणा आठवला तरी अंगावर काटा येतो. नाक दुपारी अजून चमकतं. त्याला टिश्यू.

काळी ट्यूब अर्धी उरली होती. सायकलच्या चेनचं ग्रीस हातावरून काढायला ठेवलीय, त्या कामाला एक नंबर आहे.

टॉवेलचोर – रविवार

हात गार पडतात का पण?

अर्धीदाढी – रविवार

पडतात. एनर्जी मात्र काही आलेली नाही.